ट्रोसॅक्सच्या तळ्याडोंगरांतून रोड बाइक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपत आला की फोन सुरू होतात. कुणाची मुलगी ग्लासगोला शिकत असते, कुणी लंडनहून चार दिवसांची सुट्टी काढून येणार असतं, कुणी पुण्यात दर रविवारी पहाटे सिंहगड चढत असतं आणि आता त्याला ‘तिकडचे घाट’ बघायचे असतात. प्रश्न बहुतेक तेच ते. मी स्टर्लिंगजवळ राहते आणि सवड मिळाली की पातळ टायरची सायकल काढून पश्चिमेकडच्या डोंगरांत जाते. फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगितलेलं इथे एकदाच नीट लिहून ठेवलंय. सगळं डांबरी रस्त्यांबद्दल आहे. माउंटन बाइकच्या जंगलवाटांचं मला फारसं कळत नाही.

ट्रोसॅक्स म्हणजे नक्की कुठे?

स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या उत्तरेला, गाडीने तासाभरावर. लॉख लोमंड अँड द ट्रोसॅक्स हे स्कॉटलंडचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. स्थापना २००२ची, क्षेत्रफळ १,८६५ चौरस किलोमीटर. राष्ट्रीय उद्यान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ताडोबा येतं: गेट, जिप्सी, गाइड. इथे तसलं काही नाही. गावं, शाळा, शेतं, मेंढ्या सगळं उद्यानाच्या आतच आहे आणि आत शिरायला तिकीट नाही.

नकाशा बघताना मात्र एक रेघ मनात आखून ठेवा. हायलंड बाउंडरी फॉल्ट नावाचा भूस्तरभंग लॉख लोमंडवरच्या बालमाहाकडून येतो, ॲबरफॉइलवरून जातो आणि तसाच ईशान्येला निघून जातो. रेघेच्या दक्षिणेला फोर्थ नदीचं सपाट खोरं: कुरणं, पाणथळ जमीन, लांबच लांब सरळ रस्ते. उत्तरेला लगेच डोंगर, मधे काही तडजोड नाही. ॲबरफॉइलच्या रस्त्यावर उभं राहिलं की हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. पाहुण्यांसाठी रस्ता ठरवताना मी आधी विचारते ते एवढंच: रेघेच्या अलीकडे राहायचंय की पलीकडे जायचंय? पायांचं काय होणार ते तिथेच ठरतं.

लॉख म्हणजे तळंच ना? आणि ही नावं वाचायची कशी?

तळंच. समुद्राची आत शिरलेली लांबट खाडी असली तरी तिलाही लॉखच म्हणतात. शेवटचं अक्षर ‘क’ नाही, ‘ख’, तेही घशात जरा घासून. दक्षिणेकडच्या इंग्रजांना ते जमत नाही. आपल्याला जमतं, त्याचा थोडा मिजास करायला हरकत नाही. बेन म्हणजे डोंगर, ग्लेन म्हणजे अरुंद खोरं, स्ट्रॅथ म्हणजे रुंद खोरं.

स्पेलिंगच्या नादी लागू नका. कॅट्रिन सोपं आहे, स्ट्रॉनख्लाखर दोनदा म्हटलं की येतं. ग्लासगोजवळच्या एका गावाचं स्पेलिंग कुणीही ‘मिल्नगाव्ही’ असं वाचेल, पण म्हणायचं ‘मलगाय’. मराठी माणूस ते एकदा ऐकल्यावर विसरत नाही.

हाताशी एकच दिवस आहे. कोणता रस्ता करू?

ॲबरफॉइलची फेरी. दुसरं उत्तर देण्याचा मी प्रयत्न करून पाहिलाय, पण शेवटी इथेच येते.

ॲबरफॉइलहून निघायचं, ड्यूक्स पास चढायचा, पलीकडे लॉख आखरेकडे उतरून डावीकडे वळलं की लॉख कॅट्रिनचा ट्रोसॅक्स धक्का. इथपर्यंत साधारण ११ किलोमीटर. तिथून तळ्याच्या उत्तर काठाने २१ किलोमीटरचा रस्ता स्ट्रॉनख्लाखरपर्यंत जातो आणि तो बाहेरच्या मोटारींना बंद आहे. पाणीपुरवठ्याच्या गाड्या आणि तिथले मोजके रहिवासी सोडले तर रस्ता तुमचा, मेंढ्यांचा आणि कधीमधी गाईंचा. स्ट्रॉनख्लाखरला चहा घ्यायचा, मग बी ८२९ या रस्त्याने लॉख खॉन आणि लॉख आर्डच्या कडेकडेने परत ॲबरफॉइल. सगळी मिळून सुमारे ५० किलोमीटर.

हा क्रम उलटा करू नका असं मी सांगते. ड्यूक्स पास ताज्या पायांनी केलेला बरा. शिवाय इथला वारा बहुतेक वेळा पश्चिमेचा किंवा नैर्ऋत्येचा असतो. कॅट्रिनच्या काठाने जाताना तो तोंडावर येतो, पण झाडी आणि डोंगर थोडा आडोसा देतात. परतताना बी ८२९वर तोच वारा निदान वैर करत नाही, नशीब असेल तर पाठीशीही लागतो.

ही फेरी मला आवडते त्याला आणखी एक कारण आहे. जे पाणी बघत तुम्ही २१ किलोमीटर जाता, तेच ग्लासगोच्या नळाला येतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ग्लासगो कारखान्यांनी फुगलं होतं, विहिरी आणि नदीचं पाणी घाण झालं होतं, कॉलऱ्याच्या साथी येत होत्या. तेव्हा या डोंगरांतून, पंप न लावता केवळ उताराच्या जोरावर शहरापर्यंत पाणी न्यायची योजना झाली आणि १८५९च्या ऑक्टोबरात राणी व्हिक्टोरियाने तिचं उद्घाटन केलं. मुंबईचं विहार तलावाचं काम १८६०ला पुरं झालं. वर्षभराच्या अंतराने दोन गजबजलेली बंदरं आपापल्या डोंगरांकडे वळून पाणी मागत होती, हे त्या शांत रस्त्यावर हमखास मनात येतं. मोटारींना बंदी आहे तीही त्या पाण्यामुळेच. तेव्हा तिथे चिक्कीचा कागद टाकू नका.

एक सूचना: दरड आली किंवा जलवाहिनीचं काम निघालं की काठाचा रस्ता मधेच बंद ठेवतात. निघण्याआधी चौकशी करा. नाहीतर अर्ध्यावरून माघारी यावं लागतं आणि मग ड्यूक्स पास दोनदा चढावा लागतो.

ड्यूक्स पास किती अवघड आहे?

नावाइतका नाही. ॲबरफॉइलहून माथ्यापर्यंत चारेक किलोमीटर आणि साधारण २०० मीटरची चढाई. माथा २४० मीटरच्या आसपास. सिंहगड चढणाऱ्याला आकडे ऐकून हसू येईल. पण गावातून बाहेर पडताच पहिलं वळण येतं तेच अंगावर येतं. पाय गरम व्हायच्या आत श्वास लागतो, आणि मग मधे सैल पडून पुन्हा चढ. एका लयीत चढता येत नाही, त्रास होतो तो त्याचा.

हा रस्ता ड्यूक ऑफ माँट्रोजने एकोणिसाव्या शतकात बांधला, म्हणून हे नाव. आपल्याकडे खिंडीला लमाण, वाघ, देव्या यांची नावं, इथे उमरावाचं. माथ्यावर थांबा. पाणी प्यायला नको असेल तरी थांबा. उत्तरेला बेन ए’एन आणि बेन लेडी दिसतात, आणि पुढचा उतार वळणावळणांचा असून झाडीखाली बराच काळ ओला राहतो. पहिल्यांदा जाताना तो बघत बघत उतरा.

तळ्याकाठचा रस्ता म्हणजे सपाट, बरोबर?

चूक. हा गैरसमज दूर करण्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला घेतलं.

कॅट्रिनचं पाणी सपाट आहे, रस्ता नाही. उत्तर काठ प्रत्येक ओढ्याशी खाली येतो आणि प्रत्येक उंचवट्यावर वर जातो. एकही चढ लांब नाही, पण काही चांगले तिखट आहेत, आणि ते संपतच नाहीत. लॉख आर्डचंही तेच. नकाशावर ‘शेवटचे १८ किलोमीटर, उतार’ असं दिसतं म्हणून लोक स्ट्रॉनख्लाखरला अंगातलं सगळं संपवून निघतात. पहिला उतार छान आहे, पुढे छोट्या छोट्या लाटा आहेत. ॲबरफॉइलच्या अलीकडच्या त्या लाटांवर भल्याभल्यांना सायकल ढकलताना पाहिलंय. मी स्वतः पहिल्या वर्षी तिथे एका भिंतीवर बसून खिशातला शेवटचा खजूर खाल्ला होता आणि मेंढ्या बघत होत्या.

बोटीचं काय आहे?

कॅट्रिनवर बोट चालते आणि सायकली घेते. ट्रोसॅक्स धक्क्याहून बोटीने स्ट्रॉनख्लाखरला जायचं आणि काठाने सायकलने परत यायचं, हा लोकांचा आवडता बेत. हंगामात आधी आरक्षण करा. सायकलच्या जागा मोजक्या असतात.

‘सर वॉल्टर स्कॉट’ ही तिथली वाफेची बोट १८९९ची. वॉल्टर स्कॉटच्या १८१०च्या दीर्घकाव्यामुळेच हा भाग पर्यटकांच्या नकाशावर आला, म्हणून हे नाव. बोट डंबार्टनला बांधली, सुटी केली, लॉख लोमंडवरून पडावात घालून इन्व्हर्सनेडला आणली आणि तिथून घोडागाड्यांवर लादून डोंगर चढवून स्ट्रॉनख्लाखरला पुन्हा जोडली. इन्व्हर्सनेडचा चढ सायकलने चढताना मी त्या घोड्यांची आठवण काढते. आपल्याकडे निदान गिअर आहेत.

घरचे सगळे सायकलवाले नाहीत. मुलंही आहेत.

मग फेरी विसरा. ट्रोसॅक्स धक्क्यावर सायकली भाड्याने मिळतात. काठाने मन मानेल तितकं जा आणि त्याच रस्त्याने परत या. मोटारींची भीती नसल्याने मुलांवर ओरडावं लागत नाही, हे आईवडिलांना पहिल्या अर्ध्या तासातच जाणवतं.

अगदी लहान मुलं असतील तर ट्रोसॅक्सही नको. ग्लासगोहून आगगाडीने लार्ग्झला जा, तिथून दहा मिनिटांच्या बोटीने कंब्रे बेटावर. बेटाला पूर्ण प्रदक्षिणा १६ किलोमीटरची, जवळजवळ सपाट, समुद्र सतत एका बाजूला. शेवटी मिलपोर्टला आइस्क्रीम.

आणखी दोन-तीन दिवस असतील तर कुठले रस्ते?

*इन्व्हर्सनेड.* ॲबरफॉइलहून बी ८२९ने वर जायचं आणि स्ट्रॉनख्लाखरच्या फाट्याला डावीकडे वळायचं. लॉख आर्कलेटच्या काठाने जाताना समोर लॉख लोमंडपलीकडचे डोंगर उभे असतात. ट्रोसॅक्समधला माझा सर्वांत आवडता तुकडा हाच. शेवटी रस्ता एकदम खाली लॉख लोमंडला पडतो आणि तिथेच संपतो. म्हणजे जितकं उतराल तितकं चढून परत. उन्हाळ्यात इन्व्हर्सनेडहून पलीकडे टार्बेटला बोट जाते. सायकल घेतील का ते आधी विचारून ठेवलं तर परतीचा चढ वाचतो आणि टार्बेटहून ग्लासगोची गाडी मिळते. हा मुलूख रॉब रॉय मॅकग्रेगरचा. त्याचा जन्म १६७१चा, कॅट्रिनच्या वरच्या टोकाला ग्लेनगाइलला. गुरांचा व्यापारी, कर्जबाजारी, मग बंडखोर आणि शेवटी दंतकथा. त्याच्या लोकांवर वचक ठेवायला सरकारने इन्व्हर्सनेडला शिबंदी बसवली होती. इतक्या आडबाजूला सैन्य का ठेवलं असेल हा प्रश्न नकाशा बघून पडतो, तिथवर सायकल मारत गेल्यावर पडत नाही.

*लेक ऑफ मेन्टीथ आणि खालचं खोरं.* रेघेच्या दक्षिणेचा निवांत दिवस. स्टर्लिंगहून किपेन, थॉर्नहिल अशा गावांमधून लहान रस्त्यांनी पोर्ट ऑफ मेन्टीथ. हे तळं लॉख न म्हणवता लेक म्हणवतं, त्यावर स्थानिक लोक वर्षानुवर्षं विनोद करतायत. तळ्यातल्या इंचमहोम बेटावर जुना मठ आहे. १५४७मध्ये पिंकीच्या लढाईत स्कॉटलंड हरल्यावर चार वर्षांच्या मेरी राणीला काही आठवडे तिथे लपवून ठेवलं होतं. हंगामात छोटी होडी बेटावर नेते. सायकल काठावरच राहते.

*बालमाहा ते रोअर्डेनन.* लॉख लोमंडची पूर्वेकडची बाजू. ड्रिमेनहून निघालं की बालमाहापर्यंत सरळ, तिथे गावाबाहेर पडताच एक चढ भिंतीसारखा उभा राहतो. रस्ता रोअर्डेननला संपतो, तिथून पुढे ९७४ मीटरच्या बेन लोमंडची पायवाट. रविवारी दुपारी इथे मोटारींची जत्रा असते. सकाळी लवकर नाहीतर जाऊच नका.

*क्रो रोड.* ट्रोसॅक्सच्या बाहेर, कॅम्पसी टेकड्यांवर. लेनक्सटाउनपासून पाचेक किलोमीटर सलग, एका लयीतला चढ. ग्लासगोच्या सायकलवाल्यांची ही तालीम. २०२३च्या सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत पुरुषांची रोड रेस एडिंबराहून निघून याच रस्त्याने ग्लासगोला गेली. वाटेत हवामानबदलाच्या आंदोलकांनी रस्ता अडवला, शर्यत जवळपास तासभर थांबली, आणि शेवटी मॅथ्यू व्हान डर पूल जिंकला. तासभर थांबायची सवय असलेल्या आपल्या लोकांना त्याचं फार अप्रूप वाटायला नको.

*कॅलंडर ते किलिन.* याबद्दल पुढच्या उत्तरात, कारण त्यात एक ग्यानबाची मेख आहे.

‘नॅशनल सायकल नेटवर्क ७’ची पाटी सगळीकडे दिसते. डोळे मिटून तिच्या मागे जाऊ का?

रोड बाइकवर असाल तर नको. हा मार्ग ग्लासगोहून तळ्याडोंगरांतून इनव्हर्नेसपर्यंत जातो आणि सुंदर आहे, पण तो ‘मोटारींपासून दूर’ या हिशोबाने आखलाय, ‘डांबरावरून’ या हिशोबाने नाही. ॲबरफॉइल ते कॅलंडर तो ड्यूक्स पासचा रस्ता सोडून जंगलातून खडीवरून जातो. लॉख लुबनेगच्या काठाने स्ट्रथायरकडे जाताना कधी डांबर, कधी माती, कधी झाडांची मुळं. पुढे ग्लेन ओगलमध्ये तो जुन्या रेल्वेमार्गावर चढतो. कॅलंडर-ओबान लोहमार्ग १९६५ साली दरड कोसळून बंद पडला, त्याचा कमानींचा पूल आता सायकली आणि पायी माणसं वापरतात. पुलावरून खाली हमरस्त्यावरचे ट्रक खेळण्यासारखे दिसतात. मग किलिन, आणि गावाच्या मधोमध खडकांवरून पसरत येणारा डोकार्टचा धबधबा.

करावा असा मार्ग आहे, फक्त ३५ मिलिमीटरच्या वर जाडीचे टायर असतील तर. शेजारचा ए ८४ डांबरी आहे, पण तिथे ट्रक कोपराला घासून जातात. पातळ टायर असतील तर हा मार्ग आणि ए ८४ यांतलं एकही मी निवडणार नाही. गाडीने किलिनला जाऊन लॉख टेच्या दक्षिण काठाचा लहान रस्ता करीन.

ए ८२वरून लॉख लोमंडच्या कडेने जाता येईल का?

रस्त्यावरून नको. बालोख ते टार्बेट मात्र शेजारून सायकलमार्ग आहे, सुमारे २७ किलोमीटरचा, त्यात जुन्या रस्त्याचे शांत तुकडेही येतात. टार्बेटच्या उत्तरेला अरुंद रस्ता, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मधे पर्यटकांच्या बसेस. तिथे आगगाडी घ्या.

कधी यावं?

मे. आणि मग सप्टेंबर. जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडतं आणि रात्री दहाला सूर्य मावळतो, त्यामुळे दिवस हातात खूप, पण मुरकुटांचाही हंगाम तोच. जुलै-ऑगस्टला शाळांच्या सुट्ट्या, रस्त्यावर कॅम्परव्हॅन. ऑक्टोबरात जंगलं तांबूस होतात. मात्र खालच्या शेतांत कुंपणं छाटतात आणि काटे रस्त्यावर सांडतात. डिसेंबरात पावणेनऊला उजाडून पावणेचारला अंधारतं, ड्यूक्स पासवर बर्फाचा पापुद्रा असतो. तेव्हा मी घरात भाकरी थापते.

आणि पाऊस?

येणार. पण आपल्यासारखा कोसळत नाही. भुरभुरतो, थांबतो, पुन्हा भुरभुरतो. मुळशी-ताम्हिणीचा पाऊस पाहिलेल्याला त्याची मात्रा चिल्लर वाटेल. फरक गारव्याचा. आपल्याकडे भिजलं तरी अंग गरम राहतं, इथे जुलैतही भिजून उतारावर निघालात की बोटं ब्रेक दाबेनाशी होतात. पूर्ण बोटांचे हातमोजे आणि घडी होणारं पातळ जॅकेट खिशात हवंच, सकाळी ऊन असलं तरी.

हवामानात मी पावसाआधी वारा बघते. भिजत ५० किलोमीटर जाता येतात. ताशी ४० किलोमीटरच्या समोरच्या वाऱ्यात वीसही जात नाहीत.

मुरकुटं खरंच इतकी वाईट असतात?

इथे त्यांना मिज म्हणतात. डोळ्याला जेमतेम दिसतात, थव्याने येतात, चावतात. मेअखेर ते सप्टेंबर, विशेषतः पहाटे आणि संध्याकाळी, हवा दमट आणि पडलेली असताना. चालत्या सायकलवर ती धरत नाहीत, आणि ताशी दहा-अकरा किलोमीटरच्या वर वारा असेल तर उडूच शकत नाहीत. म्हणजे अडचण येते ती थांबल्यावर. पंक्चर झालं तर झाडाखाली सावलीत नेऊ नका, उघड्यावर, वारा लागेल तिथे काढा. डोक्यावरून घालायची बारीक जाळी मिळते. ध्यान दिसतं, पण कुणी हसत नाही, कारण सगळ्यांनीच घातलेली असते.

नेच्यांच्या झाडोऱ्यात बसलात तर गोचिडी लागतात आणि त्यांच्यातून लाइमचा आजार होऊ शकतो. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत तपासा.

एकपदरी रस्त्यांवर काय करायचं?

वाहनं डावीकडून चालतात, तेवढं घरच्यासारखं. बी ८२९सारख्या रस्त्यांवर मात्र एकच गाडी मावते आणि ठरावीक अंतरावर बगल दिलेली असते, तिला पासिंग प्लेस म्हणतात. बगल डावीकडे असेल तर तिच्यात शिरायचं. उजवीकडे असेल तर तिच्यासमोर डाव्या कडेला थांबायचं, समोरची गाडी तिच्यात जाते. ओलांडून उजवीकडे जायचं नाही. मागून गाडी आली आणि बराच वेळ अडकलीय असं दिसलं तर तिलाही बगलेत जाऊन वाट द्या. मग हात वर करा. ड्रायव्हरही करतो. हा हात न करणं इथे उद्धटपणा समजतात.

हॉर्न वाजत नाहीत. आपली कानांवर रस्ता ओळखायची सवय इथे दगा देते. इलेक्ट्रिक गाडी थेट खांद्याशी येते.

रस्त्यात आडव्या लोखंडी दांड्यांची जाळी येते, गुरं पलीकडे जाऊ नयेत म्हणून. सरळ जा, जाळीवर ब्रेक नाही, वळण नाही, ओली असेल तर दुप्पट सांभाळून. आणि मेंढी रस्त्याच्या एका बाजूला, कोकरू दुसऱ्या बाजूला असेल तर वेग कमी करा. कोकरू आईकडेच धावतं, तेही नेमकं तुमच्या चाकापुढून.

हेल्मेट सक्तीचं आहे?

कायद्याने नाही. घाला. अंधारात पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा मात्र कायद्यानेच लागतो. जानेवारी २०२२पासून इथल्या वाहतूक नियमावलीत सायकलला ओलांडताना मोटारींनी किमान दीड मीटर अंतर ठेवावं असं लिहिलंय. बहुतेक जण ठेवतात.

सायकल कशी हवी?

कार्बनची नको, चांगल्या गिअरची हवी. पुढे लहान चकतीला ३४ दाते आणि मागे सर्वांत मोठीला ३२ असले की ट्रोसॅक्समधलं सगळं बसून चढता येतं. टायर २८ ते ३२ मिलिमीटर. डांबर खरखरीत आहे, कडा फुटलेल्या आहेत. मडगार्डला हसू नका, तुमच्या मागून येणारा मित्र दुवा देईल. भाड्याची सायकल घेतली तर इथे उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, तो पहिल्या उताराआधी हाताला माहीत करून द्या.

दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या आणि हातपंप. स्ट्रॉनख्लाखरला पंक्चरवाला बसलेला नसतो. हवेचा टायर लोकप्रिय करणारा जॉन बॉइड डनलप मूळचा इथल्याच एअरशरचा. १८८८मध्ये बेलफास्टला त्याने पेटंट घेतलं, ते मुलाच्या तीनचाकीचे धक्के कमी करायच्या खटपटीतून. त्याच्याही आधी, १८४०च्या दशकात, स्टोनहेवनच्या रॉबर्ट थॉमसनने तीच कल्पना पेटंट करून ठेवली होती. तेव्हा पंक्चर काढताना शिव्या कुणाला द्यायच्या ते ठरवून घ्या. दोघेही स्कॉटिश.

आगगाडीने सायकल नेता येते?

येते, फुकट. ॲबरफॉइलला आता स्टेशन नाही. जवळचं मोठं स्टेशन स्टर्लिंग, तिथून ॲबरफॉइल ३० किलोमीटरच्या वर. म्हणजे स्टर्लिंगहून फेरी करून परत यायचं तर दिवसाला ११५च्या आसपास पडतात. जूनमध्ये जमण्यासारखं आहे. ग्लासगोहून बालोख हा दुसरा पर्याय, तासाच्या आत. ओबानच्या गाडीला काही फेऱ्यांत २० सायकलींचा खास डबा असतो, पण आरक्षण करा. एकदा मी न करता गेले आणि फलाटावरच राहिले. पुढची गाडी चार तासांनी होती.

शाकाहारी माणसाने खायचं काय?

सूप, भाजलेला बटाटा त्यावर बीन्स आणि चीज, मॅकरोनी, स्कोन. सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का ते विचारा. राग मानत नाहीत. हॅगिस म्हणजे मेंढीच्या काळीज-फुप्फुसांचा इथला पारंपरिक पदार्थ, पण त्याचाही शाकाहारी प्रकार मिळतो, डाळी आणि ओट्सचा, मसालेदार, आणि तो आपल्या जिभेला खरंच आवडतो. टॅबलेट नावाची साखर, लोणी आणि आटीव दुधाची वडी मिळते. रवाळ बर्फीची चुलतबहीण. एक तुकडा म्हणजे एक चढ.

खेड्यातले कॅफे दुपारी चारला आवरायला लागतात. कॅट्रिनच्या उत्तर काठावर २१ किलोमीटरमध्ये काही मिळत नाही. त्यामुळे खिसा भरलेला हवा: खजूर, शेंगदाण्याचा लाडू, राजगिऱ्याची वडी, दशमीची गुंडाळी. भारतातून येताना चिक्की आणा, पेढे आणू नका. दुधाचे पदार्थ विमानतळावर काढून घेतात. पाणी कुठल्याही नळाचं प्या. कॅफेत बाटली भरून मागितली की देतात.

तळ्याकाठी तंबू ठोकता येतो का?

स्कॉटलंडमध्ये २००३च्या भूसुधारणा कायद्याने मोकळ्या जागी जबाबदारीने फिरायचा, राहायचा हक्क सगळ्यांना आहे. पण या उद्यानात १ मार्च ते ३० सप्टेंबर बहुतेक लोकप्रिय तळ्यांच्या काठी परवाना लागतो. लॉख खॉनला उद्यानाचा छोटा तळ आहे. मुरकुटांचं वर सांगितलंच आहे.

ट्रोसॅक्स कशाला, थेट नॉर्थ कोस्ट ५०० का करू नये?

करा की. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला वळसा घालणारा हा मार्ग ५१६ मैल, म्हणजे ८३० किलोमीटर. पण २०१५ला त्याची जाहिरात सुरू झाल्यापासून त्या एकपदरी रस्त्यांवर कॅम्परव्हॅनची रांग लागते, आणि चार दिवसांच्या सुट्टीत निम्मा वेळ तिथे पोचण्यात जातो. त्या मार्गावरच्या ब्यालख ना बाचं नाव तुम्ही ऐकलं असेल, अर्थ ‘गुरांची खिंड’. समुद्रसपाटीपासून ६२६ मीटर, नऊ-दहा किलोमीटरमध्ये. चढाई साधारण सिंहगडाएवढी, वारा मात्र अटलांटिकचा. तुम्ही दर रविवारी सिंहगड करत असाल तर पाय तयार आहेत. हिवाळ्यात बर्फाने अनेकदा बंद असतो.

वाटेत काही झालं तर?

९९९. मात्र कॅट्रिनच्या काठावर आणि लॉख आर्कलेटकडे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. त्यामुळे नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून घ्या आणि ॲबरफॉइल सोडताना कुणाला तरी सांगून निघा, कुठल्या बाजूने जाताय आणि कितीला परत येताय. मला सांगितलंत तरी चालेल. मग परत आल्यावर कळवायला विसरू नका. गेल्या उन्हाळ्यात एक पाहुणे कळवायचे विसरले. मी साडेदहापर्यंत खिडकीत, आणि हे किलिनला मासे-चिप्स खात बसलेले.